कागदी बाईचे हात

याप किम-थो माझा नवरा नव्हता, भाऊ नव्हता, आणि आमच्या तोंगशी गावातल्या काही म्हाताऱ्या अजून जे कुजबुजतात तेही नव्हता. तो आमच्या नाटक मंडळीचे मुकुट करायचा. बांबूच्या कामट्या, कागद, खळ, वर सोनेरी वर्ख. आमच्याकडे नायकाची कामं बायकाच करत, त्यामुळे पंचवीस वर्षं मी राजपुत्र होते, आणि प्रत्येक राजपुत्राच्या डोक्यावर किम-थोचा मुकुट होता. वजनाला चिमणीएवढा. तलवारीच्या झटापटीत कधी हलला नाही. पुढे माझे गुडघे गेले, आवाज गेला, केस पांढरे झाले, तरी तो मला ‘राजकुमार’ म्हणूनच हाक मारायचा, आणि मीही ओ द्यायचे. त्या हाकेला ओ देणारी मी आता एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

देवळासमोरच्या मांडवात आमचा खेळ बघायला देव आणि दोन कुत्री एवढेच प्रेक्षक उरले, तेव्हा मंडळी मोडली. किम-थोचं अडलं नाही. मुकुट हा त्याचा हौसेचा धंदा होता. खरा धंदा मेलेल्यांची घरं बांधण्याचा. माणूस गेलं की त्याच्यासाठी कागदाचं घर करायचं, पुरुषभर उंच, लाल कौलांचं, आत पलंग, चूल, देवघर, दारात गाडी, सेवेला नोकर. मग ते जाळायचं, म्हणजे ते त्याला पोचतं. गाव त्याला थोसाय म्हणायचं. साय म्हणजे उस्ताद. दुकान नाही, पाटी नाही, मालक नाही. समुद्राच्या बंधाऱ्याला लागून एक जुनी शिंपल्यांची वखार होती, तीत एकटा बसून कामट्या सोलायचा. अंत्यविधीचं बघणारे लोक त्याच्याकडे गिऱ्हाईक घेऊन यायचे.

आणि बरीच गिऱ्हाइकं तो परत पाठवायचा.

“पाच दिवस लागतील.”

“परवा विधी आहे हो, थोसाय.”

“मग दुसरं बघा.”

घराला हात लावायच्या आधी मेलेल्या माणसाबद्दल तासभर ऐकून घ्यायचा. कुठल्या कुशीवर झोपायचा, चहा घ्यायचा की दारू, जिन्याची भीती होती का. ज्यांना सांगता यायचं नाही त्यांना म्हणायचा, घरी जा, आठवून या. एकदा एका इसमाने वडिलांच्या घरात त्यांच्या जुन्या मैत्रिणीची तसबीर टांगायला सांगितली, आईला चिडवायला. थोसायने त्याला चहा पाजला आणि बाहेर काढलं. “एवढा काय भाव खातोस,” तो माणूस म्हणाला, “शेवटी जाळायचंच आहे.” थोसाय म्हणाला, “म्हणून तर. जे टिकतं त्यात मागाहून दुरुस्ती करता येते.”

त्याचे नियम त्याच्या गुरूकडून आलेले. जिवंत माणसाचा चेहरा करायचा नाही. जिवंत माणसाचं नाव लिहायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. आणि वखारीच्या दारातून काम गेलं की ते आपलं नाही, ते जळताना बघायला जायचं नाही. नोकरांचे चेहरे तो गुरूच्याच मातीच्या साच्यावर काढायचा. गोल, गुलाबी, कुणाचेही नसलेले चेहरे. त्यांना नावंही ठरलेली, शंभर वर्षं तीच.

पण हात. हातांचा साचा नव्हता. हात तो तारेवर कागद गुंडाळून एकेक बोट करून घडवायचा, आणि त्यासाठी बाजारात जाऊन बसायचा. शिंपले फोडणाऱ्या बायका, मासे तोलणारे, सुपारीला पान लावणाऱ्या पोरी, सगळ्यांचे हात बघत. त्याच्या कागदी स्वयंपाकिणीच्या हातात झारा दिला की तो खरोखर धरलेला वाटायचा. एकदा एका कागदी माळ्याचे हात मला ओळखीचे वाटले. नीट पाहिलं तर माझेच. तलवार धरून धरून अंगठ्याचं पेर वाढलेलं, तेसुद्धा.

“अरे, मी अजून जिवंत आहे,” मी म्हटलं.

“हात म्हणजे काही माणूस नव्हे, राजकुमार,” तो म्हणाला. मी हसले. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

सिआउंची म्हातारी गेली त्याला आता बारा वर्षं झाली. शिंपल्यांच्या व्यापारात त्यांचं मोठं नाव. म्हातारी माझ्या नाटकांची वेडी होती, मी राजपुत्र म्हणून मरायला लागले की पहिल्या रांगेत बसून हुंदके द्यायची. शेवटची नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं करायला जावा बेटावरून आलेली एक बाई होती, सुलास्त्री. घरचे तिला अ-सू म्हणत. आली तेव्हा पंचविशीची असेल. म्हातारी झोपली की घरच्याच शेडमध्ये शिंपले फोडायला बसायची, आणि तिथेच पहिल्या वर्षी शटर पडून तिच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. ती वाकडीच जुळली. बाहेरच्या बाजूला, जशी चहाचा पेला धरताना नखरेल बाई करते तशी. म्हातारी त्यावरून तिला ‘राणीसाहेब’ म्हणायची.

विधीच्या सहा दिवस आधी म्हातारीचा मोठा मुलगा बुन-खाम वखारीत आला. सोबत अ-लिओंग, गावातल्या निम्म्या अंत्यविधींचं कंत्राट घेणारा. थोसायचं निम्मं कामही त्याच्याच हातून यायचं. मी तिथेच लसूण सोलत बसले होते.

बुन-खामने आईबद्दल सांगायचा प्रयत्न केला. “डाव्या कुशीवर झोपायची. की उजव्या? माहीत नाही, काका. मी ताइचुंगला असतो. ते अ-सूला माहीत.” मग त्याने खिशातून एक फोटो काढला. पिवळा बनियन घातलेली सुलास्त्री, कुठल्याशा घरगुती फोटोतून कापून काढलेली. कडेला म्हातारीचा एक कान राहून गेला होता. “नोकराणी हिच्यासारखी करायची. हाच चेहरा, आणि नावही हेच. आईला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालायचं नाही. परक्या बाईने भरवलं तर थुंकायची.”

थोसाय फोटोकडे बघत राहिला. “ही बाई जिवंत आहे,” तो म्हणाला.

“आहे ना. घरीच आहे. कपडे धुतेय.”

“मग होणार नाही.”

“काका, हा मान आहे. नोकर म्हणून नाही, घरची म्हणून करतोय आम्ही.”

“घरची आहे तर तुझ्या बायकोचा चेहरा लाव.”

बुन-खामचा चेहरा पडला. अ-लिओंगने घसा साफ केला. हा अ-लिओंग वाईट माणूस नव्हे, पण त्याला कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये बसता यायचं, आणि बसला की जागा स्वतःची करून घ्यायचा. “थोसाय, रागवू नकोस. आता छापील घरं येतात, ठाऊक आहे ना? खोक्यात घडी घालून. उघडलं की घर. तीन दिवसांत दारात. आणि ती कंपनी कशालाच नाही म्हणत नाही. मी तुझ्याकडे येतो ते जुन्या ओळखीने. पण दरवेळी मी गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पडायचं?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “असं कर. बाई तू कर. अंग, कपडे, हात, सगळं. चेहऱ्याची जागा कोरी ठेव. तुझा नियम तुझ्यापाशी, यांचं काम यांच्यापाशी.”

थोसायने कामटी उचलली, खाली ठेवली. मग म्हणाला, “कोरी ठेवतो. नावाची पट्टीही कोरी. माझ्या दारातून गेलं की ते माझं नाही.”

“तेच म्हणतोय मी,” अ-लिओंग म्हणाला.

ते गेले. मला वाटलं, काय सफाईने सुटला. रंगमंचावर असं कुणी केलं असतं तर मी टाळी दिली असती. तरी लसूण आवरता आवरता विचारलं, “त्या पोरीच्या कानावर घालायचं का रे?”

“गिऱ्हाइकाच्या घरातलं आपण बाहेर नेत नाही.”

“ती त्याच घरातली आहे.”

त्याने पुढची कामटी सोलायला घेतली. मीही गप्प बसले. बाजारात ती मला रोज भेटायची, ‘आजी, जेवलात का?’ विचारायची. मला सांगता आलं असतं. सहा दिवस होते.

विधी बंधाऱ्यामागच्या मोकळ्या जागेत दुपारी होता. वारा होता. थोसायने केलेलं घर मधोमध उभं, कौलं फडफडत होती, पण एक जोड सुटला नव्हता. दोन मजले, जिना नाही, कारण म्हातारीचे पाय गेले होते. त्याने वर जायला उतरण केली होती, चाकाची खुर्ची जाईल अशी. लोक ती एकमेकांना दाखवत होते. कागदी नोकर दारात, पाठमोरे ठेवलेले.

घर पेटायच्या आधी घरची माणसं भोवती दोरी धरून उभी राहतात, वाटेत भटक्या भुतांनी ते लुटू नये म्हणून. सिआउंच्या घरची माणसं कमी पडली. एक मुलगी कॅनडात, नातवंडांच्या परीक्षा. म्हणून मला बोलावलं, आणि सुलास्त्रीलाही. तिने पांढरा सुती सदरा घातला होता, घरच्या लेकीसुना घालतात तसा. तिला तो कुणीतरी आवर्जून दिला असावा, कारण ती सारखी बाही सारखी करत होती. आम्ही शेजारी उभ्या राहिलो. तिने दोरी डाव्या हाताने धरली.

पुजाऱ्याने घंटी वाजवली आणि नोकरांना फिरवून समोर केलं. आता त्यांना नावाने हाक मारून काम समजावून द्यायचं असतं, आणि शेवटी विचारायचं, ऐकलंस का? त्यावर थोरला मुलगा नोकरांच्या वतीने म्हणतो, ऐकलं. पुजारी परगावचा होता. त्याच्या हातात कागद होता, त्यावर जे लिहिलं होतं ते त्याने वाचलं.

“अ-सू. जावा बेटाची सुलास्त्री. सकाळी पेज भरवायची. दुपारी अंग पुसायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाय चेपायचे. एकटं सोडून कुठे जायचं नाही. ऐकलंस का?”

“हो, ऐकलं,” माझ्या शेजारी सुलास्त्री म्हणाली.

नऊ वर्षांची सवय. कुणी नावाने हाक मारून काम सांगितलं की हो म्हणायचं. ते शब्द तोंडातून गेले आणि मग तिने मान वर केली. सगळं कडं तिच्याकडे बघत होतं. बुन-खामच्या बायकोने तोंडावर हात घेतला. आमच्याकडे अशा जागी आपलं नाव ऐकू आलं तर लहान पोरसुद्धा ओ देत नाही; ओ दिली की माणूस मेलेल्याच्या चाकरीला बांधला जातो म्हणतात.

सुलास्त्रीने पुतळीकडे पाहिलं. कागदी खांद्यांवर तिचा फोटो मोठा करून डकवला होता, कडा नीट कापलेल्या नव्हत्या. ते बघून ती नुसती गोंधळली. फोटो काय, कुणीही लावतं. मग तिची नजर खाली गेली, आणि मीही तिच्या नजरेबरोबर खाली गेले. पुतळीच्या हातात वाडगा होता. वाडगा धरलेल्या डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

तिने दोरीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. पुन्हा पुतळीकडे.

आग लावली तेव्हा वारा आमच्याकडचा होता, त्यामुळे सगळं झरझर गेलं. तिने दोरी सोडली नाही. मीच तिचा हात धरायला गेले तर तो दोरीवर इतका घट्ट होता की मला उघडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखारीत गेले आणि थोसायला सगळं सांगितलं. तो खळ ढवळत होता. “चेहरा मी लावला नाही,” तो म्हणाला. मी करंगळीचं सांगितलं. ढवळणं थांबलं. तो आपल्या बोटांकडे असा बघत राहिला की जणू ती बोटं त्याला न सांगता बाहेर जाऊन आली होती. “मी तिचे म्हणून केले नाहीत,” मग म्हणाला. “चांगले हात करायचे म्हणून केले. कामाच्या बाईचे. ते तसेच आले.”

मला ते खोटं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

आठवड्याने सुलास्त्री स्वतः आली. दलालाने तिची नवी जागा पिंगतुंगला लावली होती, दुपारची बस होती, पाठीवर पिशवी. ती दारातच उभी राहिली.

“हे तुम्ही बनवता?”

“हो,” थोसाय म्हणाला.

“मला पण तुम्ही बनवलं?”

“चेहरा नाही.”

“हात?”

त्याने खळीचा वाडगा जरा बाजूला सरकवला. ती आत आली आणि त्याच्या पाटावर, खळीच्या वाडग्याशेजारी, आपला डावा हात पसरून ठेवला. तुलना करायला काही उरलं नव्हतं, पण तिने तो तिथे ठेवला.

“आमच्या धर्मात असं काही नसतं,” ती म्हणाली. “मेल्यावर घर नाही, नोकर नाही. माझी आई फोनवर म्हणाली, वेडी आहेस का, कागद जळला, झालं. मी पण तेच म्हणते. पण डोळा लागत नाही.” मग तिने थोसायकडे सरळ पाहिलं. “एक विचारू? तिथे रविवार असतो का?”

“काय?”

“इथे नऊ वर्षं मला रविवार नव्हता. मी बाहेर गेले की आजी रडायच्या, म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, म्हाताऱ्या आहेत. करार संपला की मग सगळे रविवारच. आता तुम्ही सांगा. तिथला करार कधी संपतो? तिथे तर कुणी मरत पण नाही.”

ती थट्टा करत होती का, मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नोकरीतलं हसू होतं. थोसायने मान खाली घातली. त्याने ‘माफ कर’ म्हटलं, पण इतकं हळू की ते तिला नाही, पाटाला ऐकू गेलं असेल. तिने हात उचलला, त्याला चिकटलेला वर्खाचा तुकडा पिशवीला पुसला आणि बस पकडायला गेली.

कागदी घरासोबत त्याचं खरेदीखतही जाळतात. जागा कुणाची, कुणी दिली, साक्षीदार कोण. ही खतं थोसाय स्वतः ब्रशने लिहायचा. त्या दिवशी संध्याकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा सुटकेचं खत लिहिलं. सिआउ घराण्याच्या सेवेत असलेली सुलास्त्री हिची मुदत संपली, तिने आपल्या घरी जावं, कुणी अडवू नये. त्यावर थोरल्या मुलाचा शिक्का हवा, नाहीतर वरती ते मानणार कोण? ते घेऊन तो बुन-खामकडे गेला. मी सोबत गेले, कारण त्याला बोलायला जमणार नाही हे मला माहीत होतं. तिसऱ्या खेपेला बुन-खाम भेटला.

त्याने खत वाचलं आणि परत सरकवलं. “नाही, काका.”

“ती पोर झोपत नाही.”

“आणि मी? मला आई स्वप्नात आली. आंघोळ घातलेली, केस विंचरलेले. हसत होती.” बोलता बोलता त्याचे डोळे भरले, पन्नाशीचा माणूस. “नऊ वर्षांत मी एकदाही तिचे केस विंचरले नाहीत. दिवाणखान्यात बसून अर्धा तास टीव्ही बघायचो आणि ताइचुंगला परत. आता तिथे तरी तिचं कुणी करतंय. ती बाई मी काढून घेऊ? तुम्ही घ्याल?”

थोसायने खत पुन्हा पुढे सरकवलं. पंचवीस वर्षं मी उत्तरं पाठ केली, त्यातलं एकही इथलं नव्हतं.

बुन-खामने नाक पुसलं. “दुसरी द्या. तेवढ्याच चांगल्या हातांची. साच्यातली ठोकळेबाज नको. मग शिक्का देतो.”

त्यानंतर तीन महिने थोसायने दुसरं काम घेतलं नाही. हात करायचा, बघायचा, चुरगळून टाकायचा. मी गेले की कोपऱ्यात कागदी हातांचा ढीग दिसायचा. एकदा म्हणाला, “हे मासळीवालीचे झाले. हे बघ, हे टपालवाल्याचे. हे माझ्या आईचे, तिला कसं पाठवू, तिने काय कमी धुणी धुतली? हवेतले हात मला येत नाहीत, राजकुमार. कुणाचे ना कुणाचे होतातच. चाळीस वर्षं मी लोकांचे हात नेऊन जाळले. तुझेसुद्धा.”

“मला काही झालं नाही.”

“तुला विचारलंही नाही.”

मी म्हटलं, मग ठोकळा कर आणि दे, त्या बुन-खामला काय कळतंय. तो म्हणाला, “त्याला कळलं नाही तरी म्हातारीला कळेल. थुंकेल ती.”

श्रावणाच्या सुमाराला, जेव्हा आमच्याकडे भुतांना जेवू घालतात, तेव्हा काम झालं. मी पाहिलं आणि बसले. पुतळा पुरुषाचा होता. म्हातारा नोकर, निळा सदरा, चेहरा गुरूच्या साच्यातला, गोल आणि गुलाबी. हात थोसायचे होते. कामट्यांनी चिरलेली बोटं, उजव्या तर्जनीचं उडालेलं नख, मनगटावर खळीने भाजल्याचा डाग. वाडगा धरला होता.

“हे जाळायचं नाही,” मी म्हटलं. “मी सांगते तुला. हे मी होऊ देणार नाही.”

“का? यांना तरी विचारून घेतलंय.”

“तुझे नियम काय झाले?”

“नियम चेहऱ्याचा होता,” तो म्हणाला, “तो मी पाळला. सगळे पाळले. चेहरा कोरा ठेवला, नाव कोरं ठेवलं, घरातलं बाहेर बोललो नाही, जळताना बघायला गेलो नाही. आणि ती पोर दोरी धरून तिथे उभी होती.” मी भांडले, रडले, रंगमंचावर करायचे ते सगळं केलं. तो सदऱ्याच्या बाह्या दुमडत बसला.

विधीला चौघेच होतो. बुन-खाम, पुजारी, मी आणि तो. स्वतःचं काम जळताना बघायला तो पहिल्यांदाच आला होता, कुठे उभं राहायचं ते त्याला कळेना. बुन-खामने पुतळ्याचे हात नीट पाहिले, मग थोसायचे पाहिले, आणि मान फिरवून, पुतळ्यासोबत जाळायच्या त्या सुटकेच्या खतावर शिक्का उमटवला. पुजाऱ्याने नावाची पट्टी वाचली. पट्टीवर थोसायने आपलंच नाव लिहिलं होतं. सकाळी पेज. दुपारी अंग पुसायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ऐकलंस का?

बुन-खामने ऐकलं म्हणायचं होतं. त्याचा आवाज फुटेना.

“ऐकलं,” थोसाय म्हणाला.

घरी येऊन मी पिंगतुंगला फोन लावला. सुलास्त्रीचा नंबर मी तिच्याकडून बसथांब्यावर घेतला होता. मी सगळं सांगितलं. तिकडे कुणीतरी म्हातारा खोकत होता, ती त्याला पाणी देत होती. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “त्यांना सांगा, आजींना डाव्या कुशीवर झोपवायचं. उजवीकडे पाठ दुखते. आणि पेज आधी स्वतः चाखायची, गरम असली तर त्या बोलत नाहीत, नुसत्या रडतात.”

मी थोसायला सांगितलं. त्याने ते ब्रशने लिहून घेतलं आणि कागद अंगणात जाळला.

त्यानंतर त्याने माणसं करायची सोडली. घर करीन, नोकर नाही. अ-लिओंगने दोन-तीनदा समजावलं, मग छापील खोकी आणायला लागला. थोसाय पुढल्या वसंतात गेला. आधी हातांची आग व्हायची, मग बोटं आखडली, डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, या वयात होतं. मी या दोन गोष्टी जोडत नाही. तुम्हीही जोडू नका. सुलास्त्रीला मात्र मी त्याचं काहीच कळवलं नाही, आणि ती झोपते की नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्याला पुतण्याखेरीज कुणी नव्हतं. अ-लिओंगने घर फुकट आणलं, जुन्या ओळखीखातर. खोक्यातलं, छापील कौलांचं. सोबत पारदर्शक पिशवीत नोकरांची जोडी होती, दोघांचे चेहरे सारखेच हसरे. मी ती पिशवी उचलून बाजूला ठेवली.

“मावशी, मोफत आहेत ते घरासोबत,” अ-लिओंग म्हणाला.

“म्हणूनच,” मी म्हटलं.

दोरी धरायला आम्ही तिघं, पुतण्या, अ-लिओंग आणि मी. कडं काही होईना, नुसता त्रिकोण झाला, कुणीही आत शिरलं असतं. मी तरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले. घर दोन मिनिटांत गेलं. तसाही तो त्यात राहायला जाणार नव्हता. सिआउंच्या म्हातारीची कूस बदलायची वेळ झाली असेल.